बेल्जियम : माणसं सरकली, रेघ तिथंच राहिली

२०२४ च्या अखेरची गोष्ट. बेल्जियममध्ये एका गाडीत टीसी तिकिटं तपासायला डब्यात आला आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "खूडेमॉर्खन, बोंझूर." पहिला शब्द डच, दुसरा फ्रेंच, दोन्हींचा अर्थ एकच : नमस्कार, शुभ दिवस. गाडी ब्रसेल्सच्या बाजूला चालली होती, पण व्हिल्व्होर्डे स्टेशन अजून यायचं होतं. म्हणजे गाडी फ्लँडर्सच्या, देशाच्या डचभाषी भागाच्या, हद्दीत होती. एका प्रवाशाने हरकत घेतली. इथे फक्त डच बोलायचं, असं त्याचं म्हणणं. तक्रार भाषा कायद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगापर्यंत गेली आणि देशभर चर्चा झाली.

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण नियम खरंच तसा आहे. ब्रसेल्सहून मोन्सला जाणाऱ्या गाडीत बसा. ब्रसेल्समध्ये घोषणा दोन्ही भाषांत होते. थोड्या वेळाने गाडी हाले गावापाशी फ्लँडर्समध्ये शिरते आणि फ्रेंच बंद होतं. आणखी थोडं पुढे वालोनिया लागतं, आता डच बंद आणि फक्त फ्रेंच. जेमतेम तासाभराचा प्रवास. हाच प्रवास मोटारीने केला, तर फ्लँडर्समधल्या पाट्यांवर 'बेर्गेन' हे नाव दिसतं आणि पुढे ते गायब होऊन 'मोन्स' येतं. गाव एकच. दोन्ही नावांचा अर्थही एकच, डोंगर. नवखे ड्रायव्हर इथे हमखास गोंधळतात.

हे असं का, हे समजून घ्यायचं तर या देशात कोण कुठे राहतं, का राहतं, आणि त्या राहण्यावरून देशाची वाटणी कशी झाली, हे पाहावं लागतं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. बेल्जियमचं क्षेत्रफळ सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या बरोबर दहावा हिस्सा. लोकसंख्या सुमारे १ कोटी १८ लाख. एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण ३८५ माणसं. आपल्या २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. युरोपातला देश म्हणजे मोकळी कुरणं आणि तुरळक वस्ती अशी कल्पना असेल, तर बेल्जियम त्यात बसत नाही.

पण सरासरीचा आकडा खरं चित्र झाकून टाकतो. देशाच्या उत्तरेला फ्लँडर्स, तिथे डच बोलतात. दक्षिणेला वालोनिया, तिथे फ्रेंच. फ्लँडर्सच्या पोटात, वालोनियाच्या सीमेपासून अगदी थोड्या अंतरावर, ब्रसेल्स. जमीन वालोनियाकडे जास्त, निम्म्याहून अधिक. माणसं मात्र फ्लँडर्सकडे : सुमारे ६८ लाख. वालोनियात सुमारे ३७ लाख आणि ब्रसेल्समध्ये साडेबारा लाख. फ्लँडर्समध्ये चौरस किलोमीटरला ५०० माणसं, वालोनियात २२० च्या आसपास. ब्रसेल्सचा सगळा प्रदेश केवळ १६२ चौरस किलोमीटरचा, त्यामुळे तिथे हा आकडा साडेसात हजारांच्या वर जातो. शहराच्या मधोमध सें-जोस नावाचा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा भाग आहे. देशात सर्वांत दाट वस्ती तिथे. उलट आग्नेयेच्या टोकाला आर्देनच्या जंगलांत लक्झेंबर्ग नावाचा प्रांत आहे (शेजारचा लक्झेंबर्ग देश वेगळा). हा प्रांत क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा, आणि माणसं तीन लाखही नाहीत.

फ्लँडर्समध्ये इतकी दाटी का, तर मध्ययुगापासून गेन्ट, ब्रुजसारखी विणकरांची आणि व्यापाऱ्यांची शहरं तिथे वाढली, अँटवर्पसारखं बंदर तिथेच आहे, जमीन सपाट आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एकोणिसाव्या शतकातलं एक धोरण. त्या वेळी सरकारने कामगारांना रेल्वेचे स्वस्त पास दिले. हेतू असा, की मजुराने कारखान्याच्या गावी जाऊन झोपडपट्टीत राहण्यापेक्षा आपल्या खेड्यातल्या घरी राहावं आणि रोज ये-जा करावी. पुढे १८८९ च्या कायद्याने कामगारांना घर बांधायला मदत सुरू झाली. परिणाम असा झाला, की खेडी रिकामी झालीच नाहीत. लोकांनी गावच्या रस्त्याकडेला घरं बांधली, मग त्यांच्या पुढे आणखी घरं. आजही फ्लँडर्समध्ये रस्त्याने जाताना एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे म्हणतात, बेल्जियन माणूस पोटात वीट घेऊनच जन्माला येतो. स्वतःचं घर बांधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

वालोनियाची वस्तीही सगळीकडे सारखी नाही. एन, साम्ब्र आणि म्यूज या नद्यांच्या खोऱ्यांत, मोन्सपासून शार्लरुआ, नामूर ते लीजपर्यंत एक लांब पट्टा आहे. बहुतेक मोठी शहरं त्याच ओळीत. कारण जमिनीखाली कोळसा होता. ब्रिटनच्या पाठोपाठ युरोपच्या मुख्य भूमीवर औद्योगिक क्रांती पहिल्यांदा इथे पोचली. तेव्हा श्रीमंत होतं ते वालोनिया, आणि उपाशी होतं फ्लँडर्स. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला, घरगुती लिनन विणकाम यंत्रांनी मारलं, आणि फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सची, माणसं कामासाठी दक्षिणेच्या खाणींत उतरली. त्यांची मुलं फ्रेंच शिकली, नातवंडं वालून, म्हणजे वालोनियाचीच, झाली. आजही शार्लरुआ-लीजकडे अस्सल फ्लेमिश आडनावाचे लोक भेटतात आणि त्यांना डचचा शब्द येत नाही.

नंतर खाणीत उतरायला फ्लेमिशही मिळेनासे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बेल्जियमने इटलीशी करार केला. इटलीने माणसं पाठवायची, बदल्यात इटलीला कोळसा मिळायचा. ८ ऑगस्ट १९५६ ला शार्लरुआजवळ मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ कामगार गेले, त्यातले १३६ इटालियन. त्यानंतर इटलीने माणसं पाठवणं थांबवलं. मग १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार झाले. बेल्जियमची आजची वस्ती या करारांनी घडवलेली आहे. २०११ मध्ये पंतप्रधान झालेले एलियो दि रूपो हे अशाच एका इटालियन स्थलांतरित कुटुंबातले.

याच काळात चक्र उलटं फिरलं. कोळसा महाग पडू लागला, खाणी बंद होत गेल्या, पोलादाचे कारखाने थकले. परदेशी कंपन्यांनी नवे कारखाने टाकले ते बहुतांशी बंदराजवळ, म्हणजे फ्लँडर्समध्ये. १९६० च्या दशकात फ्लँडर्स दरडोई उत्पन्नात वालोनियाच्या पुढे गेलं आणि तेव्हापासून पुढेच आहे. आज फ्लँडर्समध्ये तक्रार ऐकू येते की आमच्या करातून दक्षिणेचा संसार चालतो. वालोनियातले म्हातारे लोक त्यावर विचारतात, तुमचे आजोबा पोट भरायला कुठे आले होते? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आता भाषेकडे येऊ.

डच आणि फ्रेंच यांच्यातली रेघ हजारेक वर्षं जुनी आहे. देश मात्र १८३० चा. नेदरलँड्सपासून वेगळा झाला तेव्हा डचच्या बोली बोलणारे संख्येने जास्त होते, पण कोर्ट, कचेरी, सैन्य, विद्यापीठ सगळं फ्रेंचमध्ये. फ्लँडर्समधले जमीनदार आणि वकीलसुद्धा घरात फ्रेंच बोलत. १८३१ ची राज्यघटना फ्रेंचमध्ये होती, तिची डच संहिता अधिकृत व्हायला १९६७ उजाडलं. डचमधल्या कायद्याला फ्रेंचइतकंच वजन मिळालं ते १८९८ मध्ये. गेन्टचं विद्यापीठ पूर्ण डच झालं १९३० मध्ये. म्हणजे बहुसंख्य असूनही आपल्याच गावच्या कोर्टात परकं ठरण्याचा अनुभव फ्लेमिश माणसाने तीन पिढ्या घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर टीसीच्या एका 'बोंझूर'वर कुणी इतकं का चिडतं ते कळणार नाही.

१९३२ मध्ये एक कायदा झाला, वरवर पाहता अगदी न्याय्य. तिथला कारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे कम्यून, आपल्याकडची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा. दर दहा वर्षांनी जनगणना होणार, त्यात प्रत्येकाला रोजची भाषा विचारली जाणार. ज्या कम्यूनमध्ये ज्या भाषेचे लोक जास्त, तिथे त्या भाषेत कारभार. दुसरी भाषा बोलणारे ३० टक्क्यांवर असतील, तर त्यांच्यासाठीही सोय.

अडचण अशी, की फ्रेंचला प्रतिष्ठा होती. मुलगा शिकला, नोकरीला लागला, ब्रसेल्सच्या कडेला राहायला गेला की फ्रेंच बोलू लागे. मूळचं डचभाषी ब्रसेल्स असंच हळूहळू फ्रेंच झालं. त्यामुळे प्रत्येक जनगणनेत रेघ उत्तरेकडे सरकायची, दक्षिणेकडे जवळजवळ कधीच नाही. फ्लेमिश लोक याला 'तेलाचा डाग' म्हणतात. कागदावर थेंब पडला की तो पसरतच जातो. १९४७ च्या जनगणनेचे भाषेचे आकडे इतके स्फोटक निघाले की ते १९५४ पर्यंत जाहीर केले गेले नाहीत. जाहीर झाल्यावर एव्हर, खान्सहोरेन आणि सिंट-अगाथा-बेर्खेम ही आणखी तीन गावं डच पट्ट्यातून निघून द्विभाषिक ब्रसेल्समध्ये गेली. पुढच्या जनगणनेत आणखी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. अनेक फ्लेमिश महापौरांनी सांगून टाकलं, भाषेचा प्रश्न असलेले अर्ज आम्ही वाटणारच नाही.

यावर निघालेला तोडगा जगात क्वचित पाहायला मिळतो. १९६१ मध्ये संसदेने जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकला. आणि १९६२ मध्ये कायदा करून भाषेची रेघ होती तिथे कायमची गोठवली. यापुढे कुठल्या गावात कोण किती, हे मोजायचंच नाही. गाव डच म्हणजे डच, मग तिथे उद्या कोणीही राहायला येवो.

भाषावार प्रांतरचनेच्या वादात वाढलेल्या मराठी माणसाला इथे बेळगाव आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्राची मागणी होती पाटसकर सूत्राची : खेडं हा घटक धरा, बहुसंख्य भाषा बघा, भौगोलिक सलगता बघा, लोकांची इच्छा बघा. म्हणजे मोजा आणि ठरवा. फ्लेमिश लोकांची मागणी नेमकी उलटी होती : मोजू नका. कारण मोजणी जिथे आज होते, तिथे बलवान भाषा काल आधीच येऊन बसलेली असते. दोन्ही मागण्या आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. मी मराठी, त्यामुळे मन पहिल्या बाजूला जातं, पण फ्लेमिश युक्तिवाद समजून घेतल्यावर 'लोकांना विचारा' हे उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, हे मला मान्य करावं लागलं.

रेघ गोठवताना थोडी अदलाबदल झाली. पश्चिमेचं मूक्रों आणि कोमीन वालोनियाच्या एनो प्रांताला दिलं, पूर्वेची फूरेनची सहा गावं लीज प्रांतातून काढून फ्लँडर्सच्या लिम्बुर्गला दिली. फूरेनच्या घरातली बोली डचच्या जवळची, पण बाजारहाट, शाळा, नोकरी सगळं लीजला. शिवाय उरलेल्या फ्लँडर्सला ही गावं चिकटलेलीही नाहीत. अनेकांना जायचं नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे मोर्चे आणि मारामाऱ्या झाल्या. पुढे जोझे आपार हे फ्रेंचभाषी नेते तिथले महापौर झाले आणि डच येत असल्याचं सिद्ध करायला त्यांनी नकार दिला. चारेक हजार वस्तीच्या त्या गावांवरून १९८७ मध्ये देशाचं सरकार पडलं.

रेघेच्या आसपासच्या काही कम्यूनमध्ये 'सोयी' ठेवल्या, म्हणजे अल्पसंख्य भाषेतल्या माणसाने मागितलं तर कागद त्याच्या भाषेत मिळेल. देशात अशी २७ कम्यून आहेत. त्यातलं लिम्बुर्गमधलं हेर्स्टाप मला फार आवडतं. वस्ती शंभराच्याही आत. १९७७ मध्ये देशभरातली २,३५९ कम्यून एकत्र करून ५९६ केली, तेव्हा एवढंसं गाव शेजारच्यात मिसळून जायला हवं होतं. पण तिथे फ्रेंचच्या सोयी होत्या. मिसळायचं तर त्या सोयींचं काय करायचं? त्यापेक्षा गाव तसंच ठेवलं. म्हणून आजही हेर्स्टापला स्वतंत्र महापौर आहे.

सगळ्यात जिव्हारी लागणारी वाटणी झाली लूव्हनमध्ये. १४२५ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, शहर डच पट्ट्यात, पण विद्यापीठाचा एक मोठा विभाग फ्रेंच. फ्रेंच प्राध्यापकांची कुटुंबं आली, मग त्यांच्यासाठी फ्रेंच शाळा, म्हणजे पुन्हा तेलाचा डाग. १९६८ मध्ये विद्यार्थी "वालेन बाउटन", वालून बाहेर, अशा घोषणा देत रस्त्यावर उतरले. सरकार कोसळलं, विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागासाठी रेघेच्या पलीकडे शेतजमिनीवर लुव्हँ-ला-नव्ह हे अख्खं नवं शहर उभारलं. ग्रंथालयातली पुस्तकं वाटताना बराचसा संग्रह कपाटक्रमांकाच्या सम-विषम अंकांवरून विभागला. नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं. ग्रंथालयाच्या कपाटावर ओढली की ती काय आहे ते दिसतं.

त्याच सुमाराला पक्षही फुटले. ख्रिश्चन डेमोक्रॅट, लिबरल, समाजवादी, दहा वर्षांत तिघांच्याही दोन-दोन भाषिक चिरफळ्या झाल्या. त्यामुळे आज गेन्टच्या मतदाराला लीजच्या पक्षाला मत देता येत नाही, आणि लीजच्या नेत्याला गेन्टच्या मतांची गरज पडत नाही. २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले, याचं एक मोठं कारण हे.

आता थोडा किचकट भाग, पण इथेच लोक अडखळतात म्हणून सावकाश सांगतो. बेल्जियममध्ये राज्यांसारख्या विभागण्या एक नव्हे, दोन आहेत आणि त्या एकमेकींवर अंथरलेल्या आहेत. पहिली विभागणी जागेची. तिला प्रदेश म्हणतात. प्रदेश तीन : फ्लँडर्स, वालोनिया, ब्रसेल्स. रस्ते, पर्यावरण, घरबांधणी, रोजगार हे जमिनीला चिकटलेले विषय त्यांच्याकडे. दुसरी विभागणी माणसांची, म्हणजे भाषेची. तिला समुदाय म्हणतात. तेही तीन : फ्लेमिश, फ्रेंच आणि जर्मन. शाळा, संस्कृती, बालकल्याण हे माणसाला चिकटलेले विषय त्यांच्याकडे.

ब्रसेल्सच्या एका गल्लीत उभे राहा. रस्त्यावरचा खड्डा ब्रसेल्स प्रदेशाचा किंवा तिथल्या कम्यूनचा. डाव्या हाताची डच शाळा फ्लेमिश समुदायाची, उजव्या हाताची फ्रेंच शाळा फ्रेंच समुदायाची. पोरांची पेन्शनर आजी ज्यातून पेन्शन घेते तो निधी केंद्राचा. फ्लँडर्सने आपला प्रदेश आणि समुदाय यांचं एकच सरकार करून टाकलं, आणि राजधानी ठेवली ब्रसेल्सला, जे फ्लँडर्स प्रदेशात येतच नाही. वालोनियाची राजधानी नामूर. पूर्वेच्या कोपऱ्यात ओयपेनला जर्मनभाषी समुदायाची स्वतःची २५ जणांची संसद आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून आलेला हा नऊ कम्यूनचा टापू, लोक ८० हजारांच्या आसपास. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती, पण शिक्षणाचे कायदे ते स्वतः करतात. मला याचं खरोखर कौतुक वाटतं.

रेघ गोठवून साठ वर्षं उलटली. माणसं मात्र गोठली नाहीत. ब्रसेल्समधली कुटुंबं मुलं झाली की अंगण असलेल्या घरासाठी बाहेर पडतात, बरीचशी भोवतालच्या फ्लेमिश गावांत. त्यातल्या सहा गावांत फ्रेंच सोयी आहेत आणि तिथे आता फ्रेंच बोलणारेच जास्त असल्याचं सगळे धरून चालतात. सिंट-खेनेसियुस-रोडे या एका गावाची तर विशेष कोंडी आहे. ब्रसेल्स आणि वालोनिया यांच्यामध्ये फ्लँडर्सचा जो चिंचोळा पट्टा आहे, तो म्हणजे हेच गाव. ते पलीकडे गेलं तर ब्रसेल्स वालोनियाला जोडलं जाईल. म्हणून फ्लँडर्स त्याची इंचभर जमीनही सोडायला तयार नाही.

आणि ब्रसेल्समध्ये बाहेरून माणसं येतच राहतात. मोरोक्को, रुमानिया, फ्रान्स, काँगो, युरोपियन युनियनच्या कचेऱ्यांमुळे तर सगळीकडूनच. शहराच्या दर चार रहिवाशांपैकी सुमारे तिघांचं मूळ परदेशी आहे. वयाने ते देशातलं सर्वांत तरुण, फ्लँडर्स सर्वांत वयस्कर. देशाची लोकसंख्या अलीकडे वाढते आहे ती मुख्यतः या येणाऱ्यांमुळे.

ब्रसेल्समधल्या डच शाळांना चांगलं नाव आहे, म्हणून आईबाप मुलांना तिथे घालतात. त्या शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरी डच बोललं जात नाही. घरी आईशी अरबी, वर्गात बाईंशी डच, सुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात फ्रेंच. या मुलाची भाषा कोणती, हे सरकारी कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. तो रकाना शेवटचा भरला गेला १९४७ मध्ये.